घ्या की!

नॅशविल, टेनेसी
२६ फेब्रुवारी १९६२

हॅसी आत्या,

उभी असशील तर आधी बस. चुलीवर काही असेल तर उतरव. कंपनी माझी रेकॉर्ड काढते आहे! ‘छोट्या नोला’ची नव्हे, नोला कॉडिलची. माझं गाणं, मीच लिहिलेलं, माझ्या मोठ्या झालेल्या आवाजात. शुक्रवारी मिस्टर प्रूएटनी बोलावून सांगितलं. हे प्रूएट म्हणजे इथल्या रेकॉर्डिंगचे सर्वेसर्वा. तोंडात कायम न पेटवलेला सिगार, आणि बोलताना तो एका गालातून दुसऱ्या गालात जातो. म्हणाले, “एक संधी देतो. गाणं चाललं तर छोट्या नोलाला आपण कायमची रजा देऊ. नाही चाललं तर चौकडीचा फ्रॉक कपाटात आहेच.”

आत्या, तो फ्रॉक आता माझ्या स्वप्नात येतो. पीठवाल्या कंपनीच्या शनिवारच्या कार्यक्रमात रेडिओवर पहिल्यांदा गायले तेव्हा सात वर्षांची होते, आणि तेव्हापासून मी सातच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात जॉर्जियात एका ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटन होतं. मी ट्रेलरवर उभी, दोन वेण्या, गालावर पेन्सिलीनं काढलेले ठिपके, आणि बोबडं बोलत “घ्या की!” पुढे एक आजोबा होते, त्यांनी मला चोखायची गोळी दिली. जवळ येऊन चेहरा पाहिला तेव्हा बिचारे स्वतःच लाजले आणि गोळी परत मागावी की नको या विचारात पडले.

आता काम सांगते. रेकॉर्डच्या पाकिटामागे छापायला कंपनीला ‘घ्या की’ची हकिगत हवी आहे. ती मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की मला खरंच आठवतं काय आणि लोकांनी सांगितलेलं काय, हेच कळेनासं झालंय. आई असती तर तिला विचारलं असतं, रेडिओ स्टेशनवर तीच माझ्याबरोबर होती. पण घरी रेडिओपाशी तू होतीस. नीट लिहून पाठव. मीठमसाला नको.

आणि बाबांना सांग. ते काय म्हणाले ते कळव. त्यांचा खोकला कसा आहे?

तुझी
नोला


लिक फोर्क, केंटकी
४ मार्च १९६२

नोला पोरी,

मी बसून वाचलं, पण वाचून उठले आणि तुझ्या आतोबांना गोठ्यातून ओरडून बोलावलं. त्यांना वाटलं घराला आग लागली. बादली घेऊन धावत आले. रेकॉर्ड निघते आहे म्हटल्यावर म्हणाले, “मग एवढं ओरडायला काय झालं?” आणि तिथेच पायरीवर बसून डोळे पुसले. म्हातारा हल्ली कशालाही रडतो. परवा मांजरीला पिल्लं झाली तेव्हाही रडला.

हकिगत म्हणतेस, तर घे. ते नॅशविलवाले छापतात तसं त्यात गोड गोंडस काही नव्हतं. तुझी चूक झाली होती, चक्क चूक. आणि ती आपल्याच माणसाच्या हातून व्हावी अशी.

तुझ्या त्या मिस्टर सिगारना माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही, आणि गाण्याची पुस्तकं सगळी मिळून चार. म्हणून एकानं ओळ द्यायची, बाकी सगळ्यांनी ती घ्यायची, चांगली लांबवून, घोळवून. मग त्यानं पुढची द्यायची. ओळ देणारा तुझा बाप. बोलायला लागल्यापासून तू त्याच्या शेजारी बाकावर पाय हलवत बसायचीस. एक जण देतो आणि बाकीचे घेतात, यापलीकडे जगात गाण्याची दुसरी काही तऱ्हा असते हे तुला ठाऊकच नव्हतं.

ऑगस्ट महिना होता. तुझ्या आईनं पिठाच्याच पोत्याचा फ्रॉक शिवला होता, चौकडीचा, तोच तुझ्या मानगुटीवर बसला. तिकडे स्टेशनवर तुला सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभं केलं. इकडे आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. तू पहिली ओळ दिलीस. इतकी स्वच्छ दिलीस की बाळं रडायची थांबली. आणि मग तू थांबलीस.

रेडिओत नुसती खरखर. तुझ्या आतोबांना वाटलं बॅटरी गेली. त्यांनी सेटला एक थप्पड ठेवून दिली. तिकडे तो निवेदक म्हणे पांढराफटक पडला, हातवारे करून सांगायला लागला, गा, गा! आणि तू त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, त्या मायक्रोफोनच्या जाळीकडे डोळे वटारून, शाळामास्तरणीच्या आवाजात म्हणालीस, “अहो, घ्या की!”

आणि पोरी, आम्ही घेतली! कुणी कुणाकडे बघितलं नाही. माझ्या हातात बीन्सचा डाव होता, तो तसाच धरून मी गायले. घेऊन झाल्यावर तू बरोबर पुढची ओळ दिलीस. आमचं संपलं हे तुला तिथे कसं कळलं, देव जाणे. तुझा बाप तेवढा उठला आणि ओसरीवर गेला. बाकी आम्ही सगळे शेवटपर्यंत गायलो. दुसऱ्या दिवशी कळलं, ज्या ज्या घरात रेडिओ होता त्या त्या घरात हेच झालं. त्या आठवड्यात ब्लेअरच्या दुकानातलं त्या कंपनीचं पीठ संपलं. वाण्याला आनंद झाला, मला नाही. त्या पिठाची बिस्किटं फुगत नाहीत.

तुझा बाप म्हणतो, त्याला तुझा फार फार अभिमान वाटतो आणि तू कॉडिल घराण्याचं नाव उज्ज्वल केलंस. खोकला म्हणजे जरा सर्दी आहे, दुसरं काही नाही.

तुझी
आत्या


नॅशविल
१० मार्च १९६२

हॅसी आत्या,

तुझी हकिगत मिस्टर प्रूएटना वाचून दाखवली. थपडेपाशी त्यांचा सिगार खाली पडला. जशीच्या तशी छापणार आहेत, फक्त न फुगणारी बिस्किटं काढून.

पण एक वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही. ‘तुझा बाप तेवढा उठला आणि ओसरीवर गेला.’ आत्या, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. सारं खोरं त्या दिवशी गायलं असं ऐकत मी मोठी झाले. साऱ्या खोऱ्यात बाबा आलेच, असं मी धरून चालले होते. गाताना कधी घसा बसला, कधी समोर रिकाम्या खुर्च्या असल्या, की मी मनात म्हणायचे, असू दे, आपली पहिली ओळ बाबांनी घेतली आहे. आणि ते उठून गेले होते. का गं? देवाचं गाणं पिठासाठी गायले म्हणून? मग इतकी वर्षं ते गप्प का राहिले?

आणि ते ‘कॉडिल घराण्याचं नाव उज्ज्वल’! आत्या, बाबा जन्मात कधी एका दमात दोन शब्दांच्या वर बोललेले नाहीत. ही वाक्यं तुझी आहेत. मी स्टेजवर वाढले आहे, एकाच्या तोंडी घातलेली दुसऱ्याची वाक्यं मला लगेच कळतात. त्यांनी खरं काय म्हटलं ते लिही.

इथलं सांगते. गाण्याचं नाव आहे ‘उजेडात या’. एक मुलगी संध्याकाळी खाणीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारते: ‘अंधार पडला, बाबा, आता उजेडात या.’ एवढी ओळ म्हणायची आणि थांबायचं. मी हे मुद्दाम लिहिलेलं नाही, माझ्याकडून गाणं असंच येतं. काल सरावाला मी थांबले, तर मिस्टर प्रूएट काचेपलीकडून म्हणाले, “इथे भोक पडलंय.”

“भोक नाही, जागा आहे,” मी म्हटलं.

“कुणासाठी?”

“घेणाऱ्यांसाठी.”

“पोरी, रेडिओवर गाणं थांबलं की लोकांना वाटतं सेट बिघडला. ते सेटला थप्पड मारतात. तुझ्या आत्यानंच लिहिलंय!”

घे. तुझीच हकिगत माझ्यावर उलटली.

नोला


लिक फोर्क
१६ मार्च १९६२

नोला पोरी,

बरं बाई, पकडलंस. ती वाक्यं माझी. खरं काय झालं ते असं: मी म्हटलं, “एस्टिल, पोरीची रेकॉर्ड निघते आहे.” तो म्हणाला, “हं.” आता ‘हं’ कळवायला तिकीट खर्च करू?

ओसरीचं मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. ते तुमचं बापलेकीचं आहे. मी त्याची थोरली बहीण, तो पाळण्यात होता तेव्हापासून त्याला ओळखते. एवढंच सांगते, तो घरातून उठून बाहेर गेला म्हणजे रागावूनच गेला असं नसतं. कधी कधी तंबाखू थुंकायलाही जातो.

भोक म्हणणाऱ्या त्या माणसाला म्हणावं, एकदा आमच्या चर्चमध्ये येऊन बस. बसायला जागा देऊ.

आत्या


नॅशविल
२४ एप्रिल १९६२

हॅसी आत्या,

रेकॉर्ड झाली. सोबत एक प्रत पाठवते आहे, जुन्या शालीत गुंडाळली आहे, जपून उघड.

ऐकण्याआधी एक सांगून ठेवते. मी हरले. मी पुन्हा पुन्हा थांबून पाहिलं. प्रत्येक वेळी मिस्टर प्रूएट शांतपणे “पुन्हा घेऊ” म्हणायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते. शेवटी त्यांनी भाड्यानं चार मुली आणल्या. छान मुली आहेत, स्वेटर घातलेल्या, त्यांतली एक मला केसांचा चिमटा देऊन गेली. मी ओळ म्हणते आणि लगेच त्या चौघी ‘आऽऽ, ऊऽऽ’ करतात. जागा भरली. गाणं गोड झालंय. इतकं गोड की दात दुखतात.

मिस्टर प्रूएट वाईट माणूस नाही. त्यांना खरंच वाटतं की त्यांनी माझं गाणं वाचवलं. आणि मला फ्रॉकची इतकी भीती बसली आहे की मी मान डोलावली.

बाबांना ऐकवायची का, ते तू ठरव.

नोला


लिक फोर्क
६ मे १९६२

नोला पोरी,

ऐकवली. मी कोण ठरवणार? रेकॉर्ड आली ही बातमी टपाल वाटणाऱ्यानंच खोरंभर करून टाकली होती. ब्लेअरनं दुकानातला रेकॉर्ड प्लेअर आणून दिला. रविवारी चर्च सुटल्यावर निम्मं लिक फोर्क आमच्याकडे. मी सुक्या सफरचंदाचा थरांचा केक केला होता, तो गाणं लागायच्या आत संपला.

तुझा आवाज आला. हा आवाज आमचा आहे गं, याच डोंगरांतला, आणि काळ्या तबकडीतून येतो आहे! आतोबांचं तर विचारूच नको. मग ती ओळ आली. ‘अंधार पडला, बाबा, आता उजेडात या.’ आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला, तोंडं उघडली, आणि त्या बायका आधीच घुसल्या! आम्ही उघड्या तोंडानं एकमेकांकडे बघत राहिलो. शेजारच्या ऑर्बी स्लोनचं तोंड तर मिटेचना, शेवटी त्याच्या बायकोनं हनुवटीला हात लावून मिटवलं.

तुझा बाप कोपऱ्यात खुर्चीवर होता. म्हणाला, “परत लाव.” परत लावली. संपल्यावर म्हणाला, “जागाच ठेवली नाही.”

हे वाक्य माझं नाही. शपथ घेते.

आता जे लपवलं होतं तेही सांगते, कारण त्या दोन-तीन शब्दांनंतर तो केवढा वेळ धापा टाकत होता ते मी पाहिलं. सर्दी वगैरे काही नाही. खाणीची धूळ छातीत बसली आहे. डॉक्टर म्हणतो, गेलेला दम परत येत नाही, उरलेला जपून वापरायचा. नाताळपासून तो चर्चमध्ये ओळ देत नाही. ऑर्बी देतो. देतो कसली, गाई हाकतो. तुझा बाप शेवटच्या बाकावर बसतो आणि नुसते ओठ हलवतो. त्यानंच मला बजावलं होतं, पोरीला कळवू नको. हे मात्र त्यानं चांगलं पूर्ण वाक्यात सांगितलं.

आत्या


नॅशविल
१३ मे १९६२

आत्या,

तुझ्यावर फार रागावले आहे. ते भेटल्यावर.

पत्र वाचलं तशी मी ब्लेअरच्या दुकानात फोन केला आणि बाबांना बोलावून आणायला सांगितलं. मी म्हटलं, “बाबा, मी उद्याच्या बसनं येते. हे सगळं राहू दे.” बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, “काम कर.” आणि फोन ठेवला. दोन शब्द. हे मात्र अस्सल होतं.

म्हणून काम करते आहे. ऐक. सोळा जूनला, शनिवारी संध्याकाळी, इथल्या मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमात मला उभं करणार आहेत. तो रेडिओवर थेट जातो, आपल्याकडे स्वच्छ लागतो. रेकॉर्ड बरी चालली आहे, पण फार नाही. कंपनीचे मोठे लोक त्या दिवशी समोर बसून ठरवणार, नोला कॉडिल ठेवायची की छोटी नोला परत आणायची. जुलैतल्या जत्रांची पत्रकं त्यांनी फ्रॉकच्या फोटोसकट छापून तयार ठेवली आहेत. मी पाहिली.

स्टेजवर त्या चार मुली नसतील. त्यांच्या जागी ड्युईनं स्टील गिटार वाजवायची असं ठरलंय. ड्युई अलाबामाचा, अबोल, मांडीवर गिटार घेऊन झोपल्यासारखा बसतो. त्याचे आजोबाही चर्चमध्ये ओळ द्यायचे, हे मला परवाच कळलं. मी त्याला हळूच म्हटलं, “त्या जागी वाजवू नकोस.”

“किती वेळ?”

“कुणी घेईपर्यंत.”

“आणि कुणीच नाही घेतली तर?”

“तर मी फ्रॉकला इस्त्री करते.”

तो म्हणाला, “इस्त्री माझ्याकडे आहे.”

तुम्ही सगळे रेडिओपाशी बसा. बाबांना यातलं काही सांगू नकोस. फक्त ओसरीचं दार तेवढं लावून घे.

नोला


लिक फोर्क
२० मे १९६२

नोला,

ओसरीच्या दाराला कडी नाही. आणि तुझा बाप काही कोंबडा नाही, संध्याकाळ झाली की खुराड्यात कोंडायला. त्याला जायचं असेल तर जाईल, थांबायचं असेल तर थांबेल. तू ओळ दे. कोण घेतं कोण नाही हे ओळ देणाऱ्यानं मोजत बसायचं नसतं, एवढं तुला त्याच माणसानं त्याच बाकावर शिकवलं होतं.

केक पाठवला आहे. ड्युईलाही दे. इस्त्री नको म्हणावं.

कपडे कुठल्या रंगाचे घालणार? चौकडी सोडून काहीही घाल.

आत्या


नॅशविल
१७ जून १९६२

हॅसी आत्या,

गडद हिरवा. साधा, लांब बाह्यांचा. केस मोकळे. आरशात पाहिलं तर त्यात एक मोठी बाई होती, आणि ती मला आवडली.

सभागृह गच्च भरलेलं, आणि उकाडा असा की सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे फडफडत होते. समोर मधोमध कंपनीचे साहेब. पडद्याच्या कडेला मिस्टर प्रूएट. निवेदकानं नाव घेतलं, “मिस नोला कॉडिल!” तर मागून कुणीतरी ओरडलं, “घ्या की!” आणि हशा पिकला. मग मी सुरू केलं.

‘अंधार पडला, बाबा, आता उजेडात या.’

आणि थांबले. ड्युईनं दोन्ही हात तारांवरून उचलले आणि गुडघ्यांवर ठेवले.

आत्या, तिथे काहीच नव्हतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. पंखे हलायचे थांबले. डाव्या बाजूला मिस्टर प्रूएट दिसत होते, अगदी तुझ्या हकिगतीतल्या निवेदकासारखे हातवारे करत, गा, गा! माझ्या ओठांवर ते दोन शब्द आले होते. म्हटले असते तर लोक हसले असते, टाळ्या वाजल्या असत्या, मी सुटले असते. आणि जन्मभर सात वर्षांची राहिले असते. मी म्हटले नाहीत. उभी राहिले. मनात आपल्या चर्चमधली सगळी माणसं ओळ घेत होती, त्यांच्या बरोबरीनं मी थांबले.

मग वरच्या बाल्कनीतून एक आवाज आला. म्हातारीचा. नाकातला, फाटका, आपल्याकडचा. ‘उजेडाऽऽत या.’ एकटीच गात होती बाई, कुणाची पर्वा न करता. तिच्या शेजारून एक पुरुष. मग बाल्कनीतली ती सगळी रांग. तिकडे उत्तरेत डेटन शहरातल्या कारखान्यांत कामाला गेलेली आपल्या डोंगरांतली माणसं होती, बस करून आली होती, हे नंतर कळलं. मग खालची माणसं, ज्यांना आपलं चर्च ठाऊक नाही आणि खाणही ठाऊक नाही. सगळं सभागृह. मी पुढची ओळ दिली, ती त्यांनी घेतली. शेवटच्या ओळीला ड्युई झोपेतून उठल्यासारखा मान वर करून गात होता. मी पडद्याकडे पाहिलं. मिस्टर प्रूएट सिगार हातात धरून गात होते. बेसूर.

मला माझा अभिमान वाटला, आत्या. लहानपणापासून लोक टाळ्या वाजवत आले आहेत, पण हे असं काल पहिल्यांदा वाटलं. ते माझ्यासाठी टाळ्या वाजवत नव्हते, माझ्याबरोबर गात होते.

जत्रांची पत्रकं रद्द झाली. मिस्टर प्रूएट येऊन म्हणाले, “मिस कॉडिल, पुढच्या रेकॉर्डमध्ये ते भोक ठेवू.” मग स्वतःच खाकरून म्हणाले, “जागा.” फ्रॉक ड्युई घेऊन गेला, गिटार पुसायला.

आता खरं सांग. सजवू नकोस, झाकू नकोस. बाबा ओसरीवर गेले का?

नोला


लिक फोर्क
२१ जून १९६२

नोला पोरी,

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं, कारण घरात माझ्या आधी आतोबांनी रडायला सुरुवात केली होती. आमची पोर! साऱ्या देशानं ऐकावं आणि मिस म्हणावं अशी आमची पोर. आज दुकानात मी ब्लेअरला तीच बातमी पुन्हा नव्यानं सांगितली. त्यानं पुन्हा नव्यानं ऐकून घेतली.

तिकडे कुणी घेतली की नाही, हे आम्हाला तुझ्या पत्रानंच कळलं. इथे एवढा आवाज होता की रेडिओतलं काही ऐकूच आलं नाही.

बाकी तू विचारलेलं मी सांगणार नाही. माझ्या तोंडून आलेलं तू खरं मानत नाहीस, तेव्हा ज्याचं त्यानं लिहावं. तुझ्या बापानं स्वतःहून कागद मागितला. मी पेन्सिलला टोक काढून दिलं. सकाळी बसला तो जेवायच्या वेळेपर्यंत लिहीत होता. ऑर्बीची बायको डोकावून विचारून गेली, मृत्युपत्र करतोय का म्हणून.

कागद आत घातला आहे. मी वाचलेला नाही.

वाचला आहे.

आत्या


नोला,

हॅसी म्हणते तू ओसरीचं विचारलंस. आधी विचारायचं होतंस.

तेव्हा ऑगस्ट होता. सगळ्यांची दारं उघडी. तू ओळ दिलीस. घरातल्यांनी घेतली. मला वाटलं बाहेरूनही ऐकू येतंय. म्हणून बाहेर गेलो.

स्लोनांकडून येत होतं. ओढ्याच्या पलीकडून येत होतं. वर चढावर ती विधवा बाई राहायची, कधी कुणात न मिसळणारी, तिच्या घरातूनही येत होतं. मी इतकी वर्षं ओळ दिली, ती चर्चमध्ये बसलेल्यांनी घेतली. तू सात वर्षांची. तुझी साऱ्या खोऱ्यानं घेतली. मी खांबाला धरून ऐकत राहिलो. माझ्याकडून घ्यायची राहून गेली.

ते मनात होतं.

शनिवारी बाहेर गेलो नाही. तू थांबलीस तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी आधी सुरू करेना. उभा राहिलो. दम अर्ध्या ओळीपुरताच होता. पुढची अर्धी सगळ्यांनी केली.

पण पहिल्यांदा मी घेतली.

बाबा